विधवेपासून ‘कोणत्याही स्त्री’पर्यंत : महाराष्ट्रातील गर्भपातविषयक नैतिक व कायदेशीर चर्चेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गर्भपाताचा विचार आपल्याकडे बहुधा वैद्यकशास्त्राचा किंवा कायद्याचा विषय म्हणून केला जातो. सामाजिक इतिहासाच्या ग्रंथांत त्याला मिळणारी जागा अल्प असते, आणि तीही विधवांचा प्रश्न किंवा कुटुंबनियोजन या मोठ्या विषयांच्या अनुषंगाने. वस्तुतः भाषेकडे पाहिले तरी या विषयाला दीर्घ इतिहास असल्याचे ध्यानात येते. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द धर्मशास्त्राचा, ‘गर्भपात’ हा आयुर्वेदाचा आणि नंतर कायद्याचा, ‘पोट पाडणे’ हा लोकव्यवहाराचा, तर ‘पिशवी साफ करणे’ हा अलीकडच्या काळातील दवाखान्याच्या ओसरीवरचा. एकाच कृतीला दिलेली ही नावे त्या कृतीविषयीचे वेगवेगळे नैतिक निवाडे आहेत. पहिल्या नावात पातक आहे, दुसऱ्यात शरीराची अवस्था आहे, तिसऱ्यात लपविण्याजोगी गोष्ट आहे, तर चौथ्यात न उच्चारण्याची सोय आहे.

प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंत झालेल्या गर्भपातविषयक चर्चेचा आढावा महाराष्ट्राच्या संदर्भात घेतला आहे. कायदे अखिल भारतीय असले, तरी ज्या चर्चांतून ते घडले किंवा ज्या चर्चा त्यांतून घडल्या त्यांतील काही महत्त्वाचे टप्पे पुणे, मुंबई, पंढरपूर, बीड, सांगली या ठिकाणांशी निगडित आहेत. या आढाव्यात एकच प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे : गर्भ राहू द्यावा की नाही, याचा निर्णय कोणी करावयाचा? गर्भपात पाप आहे काय, गुन्हा आहे काय, लोकसंख्येवरील उपाय आहे काय, असे प्रश्न निरनिराळ्या काळांत विचारले गेले. परंतु निर्णयाचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न प्रत्येक वेळी मागे पडत गेला, आणि ज्या स्त्रीमुळे ही चर्चा महाराष्ट्रात सुरू झाली ती विधवा स्त्री कायद्याच्या शब्दांत यावयास दीर्घ काळ लागला, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

१. परंपरागत ग्रंथांतील गर्भविचार

प्राचीन ग्रंथांत या विषयावर एकच मत आढळते, असा समज सर्वत्र आहे. तो तपासून घ्यावा लागतो. धर्मशास्त्रात भ्रूणहत्या हे घोर पातक मानले गेले. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात, लिंग न समजलेल्या गर्भाच्या नाशाला ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे. यामागील तर्क लक्षात घेण्याजोगा आहे. लिंग अज्ञात असल्याने तो गर्भ पुत्राचा असू शकतो, ही शक्यता येथे निर्णायक ठरते. म्हणजे गर्भाचे मूल्य वंश आणि वर्ण यांच्याशी बांधलेले होते. कौटिलीय अर्थशास्त्रात प्रश्न पापाचा न राहता दंडाचा होतो. प्रहार करून गर्भ पाडणाऱ्यास उत्तम, औषध देऊन पाडणाऱ्यास मध्यम आणि छळामुळे गर्भपात घडविणाऱ्यास पूर्व साहसदंड, अशी उतरती श्रेणी तेथे आहे. गर्भवतीच्या शरीरावर झालेल्या आघाताची तीव्रता हा या श्रेणीचा पाया दिसतो.

सुश्रुतसंहितेत दृष्टी पुन्हा बदलते. चौथ्या महिन्यापर्यंत होणाऱ्या गर्भच्युतीला स्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यांत, शरीर स्थिर झालेल्या गर्भाच्या बाबतीत, पात असा भेद तेथे केला आहे. मूढगर्भाच्या प्रकरणात जिवंत गर्भ शस्त्राने छेदू नये, परंतु मृत गर्भाची क्षणभरही उपेक्षा करू नये, कारण त्याने मातेचा प्राण जातो, असा निर्देश आहे. सारांश, धर्म, दंड आणि वैद्यक या तिन्ही दृष्टी परंपरेत शेजारी शेजारी नांदत होत्या. गर्भ वाढीच्या कोणत्या अवस्थेत आहे याला वैद्यकात महत्त्व होते. मात्र यांपैकी एकाही ग्रंथात गर्भवतीची इच्छा हा विचाराचा घटक म्हणून येत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

२. १८६० ची दंडसंहिता

ब्रिटिश राजवटीत गर्भपात हा प्रथमच देशभर एकसारखा फौजदारी गुन्हा झाला. १८६० साली संमत झालेली भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३१२ ते ३१६ या कलमांत गर्भपाताचा विचार आहे. कलम ३१२ अन्वये स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात वगळता इतर प्रत्येक हेतुपुरस्सर गर्भपातास तीन वर्षांपर्यंत आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा ठरविण्यात आली. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाखाली गुन्हेगार ठरते, असे स्पष्टीकरण कलमालाच जोडले होते. स्त्रीच्या संमतीशिवाय केलेला गर्भपात कलम ३१३ अन्वये अधिक गंभीर मानून त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. पुढे कलम ३१८ मध्ये मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपविणे हाही गुन्हा ठरला.

हा कायदा तत्कालीन इंग्लिश कायद्याच्या वळणावर बेतलेला होता. परंतु मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सादर केलेल्या मसुद्याच्या टिपणांत या तरतुदींविषयी साशंकता व्यक्त झाली होती, हे फारसे सांगितले जात नाही. गर्भपाताचा आरोप सिद्ध झाला नाही तरी घराण्याच्या अब्रूला डाग लागतो आणि त्यामुळे खोटा आरोप करण्याची शक्ती दुर्जनांच्या हातांतील भयंकर हत्यार होईल, अशी भीती तेथे नोंदविलेली आहे. कायदा करणाऱ्यांना चिंता होती ती घराण्याच्या प्रतिष्ठेची. ज्या स्त्रीवर खटला चालणार तिच्या प्राणाची चिंता जीव वाचविण्याच्या एका अपवादापुरती मर्यादित राहिली. घराण्याची अब्रू आणि स्त्रीचे शरीर यांतील हे नाते पुढील अर्धशतकात पुण्यासारख्या शहरात फार दारुण रीतीने प्रकट झाले.

३. विधवा, बालहत्या प्रतिबंधक गृह आणि तत्कालीन वाद

उच्चवर्णीय समाजात बालविवाह रूढ होता आणि विधवेचा पुनर्विवाह निषिद्ध होता. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने अशा विवाहास कायदेशीर मान्यता दिली, परंतु समाजाने ती दिली नाही. परिणामी लहान वयात वैधव्य आलेल्या स्त्रिया त्याच घरात, बहुधा आश्रित म्हणून, आयुष्य कंठीत. अशा स्त्रीला दिवस गेले तर तिच्यापुढे गर्भ पाडणे, जन्मलेले मूल मारणे किंवा टाकणे, अथवा स्वतःचा जीव देणे, एवढेच मार्ग उरत. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी पुनर्विवाहाच्या समर्थनार्थ लिहिताना भ्रूणहत्येचा दाखला दिला होता, आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी त्यांचे लेखन मराठीत आणले. पुनर्विवाहाचे समर्थक आणि विरोधक या दोघांनाही भ्रूणहत्या पातक म्हणून मान्य होती. वाद होता तो या पातकाचे मूळ कोठे आहे यासंबंधी. सनातनी मंडळींच्या मते ते विधवेच्या वर्तनात होते, तर सुधारकांच्या मते रूढीत होते.

जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. या गृहासंबंधीचे अत्यंत महत्त्वाचे साधन म्हणजे बेहरामजी मलबारी यांच्या १८८४ मधील टिपणांवर फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी दिलेले मत. त्यात त्यांनी काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत सांगितली आहे. फुले यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकीण होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस राहिले. गर्भ पाडण्यासाठी नाना विषारी औषधे देऊन पाहिली, पण उपयोग झाला नाही. अखेर तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. शिक्षा झाल्याचे जे कथन फुले करतात ते काशीबाईच्या बाबतीतच. यानंतर आपण गृह उघडले आणि ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती लावल्या, असे ते सांगतात.

याच मतपत्रात आलेले आकडे गर्भपाताच्या इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. गृह सुरू झाल्यापासून तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत राहिली आणि ३० दगावली. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांमुळे गर्भातच झालेली इजा, हे कारण फुले देतात. हे आकडे इतिहासाच्या अभ्यासकाने दोन प्रकारे वाचावयास हवेत. एक, गृहात आलेल्या बहुतेक स्त्रियांनी तेथे येण्यापूर्वी गर्भपाताचा प्रयत्न केलेला होता. कलम ३१२ त्यांना परावृत्त करू शकले नव्हते. त्या कलमाने फक्त जाणत्या हाताची मदत अशक्य केली होती. दुसरे, गृहात आल्या त्या ज्यांचा प्रयत्न फसला त्या. ज्यांचा प्रयत्न सफल झाला आणि ज्यांचा त्यात प्राण गेला, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. म्हणून ३५ हा आकडा त्या दुःखाच्या एका कडेचाच आहे.

फुले दांपत्याच्या कार्याचे नाव ‘बालहत्या प्रतिबंधक’ असले तरी त्यांनी गर्भवतीला पापी ठरविले नाही. तिला गुप्तता, निवारा आणि सुरक्षित बाळंतपण दिले. कोणती निवड नैतिक, हे सांगण्याऐवजी निवड करता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे, हा त्यांचा मार्ग होता. १८७५ मध्ये पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आश्रयाखाली अशाच प्रकारचे गृह सुरू झाले. क्षेत्राच्या ठिकाणी असे गृह निघावे यातच पुष्कळ काही आले.

१८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या चारित्र्यावर जी झोड उठली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या कृतीचा वाटा असलेला पुरुष कोठे आहे, हा प्रश्न त्यांनी निर्भीडपणे विचारला. गर्भ आणि अर्भक यांविषयीची नैतिक चर्चा तोपर्यंत पुरुषांनी स्त्रियांविषयी चालविलेली होती. ताराबाईंनी तिच्यात स्त्रीचा आवाज आणला. तथापि या साऱ्या वादळानंतरही दंडसंहितेतील एकही शब्द बदलला नाही.

४. संततिनियमन ते शांतिलाल शहा समिती

विसाव्या शतकात चर्चेचा रोख विधवेवरून विवाहितेकडे वळला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. १९३४ मधील अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रभाकर रोहम यांनी आंबेडकरांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला, परंतु तो फेटाळला गेला. संततिनियमनाच्या या चळवळीने मूल केव्हा व्हावे हा मानवी निर्णयाचा विषय आहे, ही कल्पना मराठी समाजात रुजविली. गर्भपाताचा कायदा मात्र या काळात जसाच्या तसा राहिला.

स्वातंत्र्यानंतर कुटुंबनियोजन हे शासनाचे धोरण झाले. १९६४ मध्ये केंद्र शासनाने गर्भपात कायदेशीर करण्याच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा हे तिचे अध्यक्ष होते. डिसेंबर १९६६ मध्ये सादर झालेल्या अहवालात ५० कोटी लोकसंख्येमागे देशात दरवर्षी सुमारे ६५ लाख गर्भपात होत असावेत आणि त्यांपैकी सुमारे ३९ लाख मुद्दाम केलेले असावेत, असा अंदाज वर्तविला होता. हा अंदाज होता, मोजणी नव्हती. तथापि जवळजवळ शंभर वर्षे लागू असलेला कायदा लक्षावधी वेळा मोडला जात आहे, ही गोष्ट प्रथमच शासकीय पातळीवर मान्य झाली. याच सुमारास ब्रिटनमध्ये १९६७ चा गर्भपात कायदा झाला होता. ज्या देशाच्या वळणावर आपली कलमे बेतलेली होती त्यानेच आपला मार्ग बदलला, याचाही परिणाम झाला. उलट १९६८ च्या विश्वपत्रात पोप सहावे पॉल यांनी गर्भपात आणि कृत्रिम संततिनियमन या दोहोंना ठाम विरोध नोंदविला होता.

५. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा

१९६९ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक १९७१ मध्ये संमत झाले आणि १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका आणि बारा ते वीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत वैद्यक व्यवसायींच्या मताने गर्भपात करता येऊ लागला. स्त्रीच्या जिवास धोका, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास गंभीर इजा, किंवा जन्मणाऱ्या मुलात गंभीर व्यंग असण्याचा मोठा धोका, ही कारणे ग्राह्य ठरली. बलात्कारातून राहिलेला गर्भ आणि विवाहित दांपत्याने वापरलेले संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्याने राहिलेला गर्भ यांमुळे होणारा मनस्ताप मानसिक आरोग्यास गंभीर इजा मानला जावा, अशी दोन स्पष्टीकरणे जोडण्यात आली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी ठरली. पतीच्या संमतीची अट कायद्यात घातली गेली नाही.

या कायद्याने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचण्याचा मार्ग खुला केला, याविषयी दुमत नसावे. अमेरिकेतील रो विरुद्ध वेड हा निवाडा १९७३ चा. म्हणजे आपला कायदा त्याच्या आधीचा होता, आणि २०२२ मध्ये तो निवाडा रद्द झाल्यानंतरही आपला कायदा टिकून आहे. तरी त्याची रचना बारकाईने पाहिली असता तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, कायद्याच्या मुख्य कलमाचा कर्ता डॉक्टर आहे. अमुक परिस्थितीत गर्भपात केल्यास वैद्यक व्यवसायी दोषी ठरणार नाही, अशी त्या कलमाची भाषा आहे. स्त्रीला गर्भपाताचा हक्क आहे, असे ते म्हणत नाही. दंडसंहितेतील कलमे कायम ठेवून त्यांना काढलेली ती एक पळवाट होती.

दुसरी गोष्ट, विधेयकाच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात आरोग्य, माणुसकी आणि सुप्रजनन ही तीन कारणे दिली आहेत. गर्भपात करून घेणाऱ्या बहुतेक माता विवाहित असून त्यांना गर्भ लपविण्याची विशेष गरज नसते, असा युक्तिवादही तेथे आहे. म्हणजे गर्भपात आता लोकलज्जेचा विषय राहिला नाही, तो प्रतिष्ठित संसारी स्त्रीचा प्रश्न आहे, हे दाखवून कायद्याला संमती मिळविण्यात आली. राजकीय दृष्ट्या हा युक्तिवाद परिणामकारक होता. परंतु त्याची किंमत तिसऱ्या गोष्टीत दिसते.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘विवाहित स्त्री’ हा शब्दप्रयोग. साधन निष्फळ ठरल्याचे स्पष्टीकरण विवाहितेलाच लागू होते. जिला गर्भ लपविण्याची खरोखरच गरज होती, जिच्यासाठी पुण्यात आणि पंढरपुरात गृहे निघाली, ती विधवा आणि तिच्या जोडीला अविवाहिता या स्पष्टीकरणातून वगळल्या गेल्या. त्यांना कायद्याचे दार सर्वस्वी बंद नव्हते. मानसिक आरोग्याच्या कारणाखाली डॉक्टर त्यांना साहाय्य करू शकत होता. परंतु ते डॉक्टरच्या मतावर, पर्यायाने त्याच्या नैतिक कल्पनांवर, अवलंबून राहिले. शंभर वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाने चर्चेला प्रारंभ झाला तो प्रश्न कायदा होताना मागील दाराने बाहेर गेला.

६. गर्भलिंगनिदान : चर्चेला मिळालेले वळण

१९७० च्या दशकाच्या मध्यास गर्भजल परीक्षा भारतात आली ती गर्भातील दोष ओळखण्यासाठी. अल्पावधीत तिचा उपयोग मुलीचा गर्भ शोधून पाडण्यासाठी होऊ लागला. मुंबईत १९८५ च्या सुमारास महिला संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि विज्ञान चळवळीतील मंडळी यांनी एकत्र येऊन गर्भलिंगनिदानविरोधी मंच स्थापन केला. राज्याच्या आरोग्य विभागासाठी झालेल्या पाहणीत मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने या तंत्राच्या नियमनाचा देशातील पहिला कायदा केला. त्याच्या पाठोपाठ १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि तो १९९६ पासून लागू झाला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यातून २००३ ची दुरुस्ती आणि कडक निर्देश आले.

तरीही महाराष्ट्रातील शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ असे घसरत गेले. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ते ८०७ होते. २०१२ मध्ये परळी येथे बेकायदा गर्भपातात एका स्त्रीचा मृत्यू झाला. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे अशाच एका मृत्यूच्या तपासात १९ भ्रूण ओढ्यालगत पुरलेले सापडले.

येथे स्त्रीवादी चळवळीपुढे कठीण नैतिक पेच उभा राहिला. गर्भपाताचा निर्णय स्त्रीचा असेल, तर मुलीचा गर्भ पाडण्याच्या तिच्या निर्णयाला विरोध कोणत्या आधारावर करावयाचा? महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी याचे उत्तर शब्दांच्या पातळीवरही शोधले. त्यांच्यातील अनेकांनी ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दाला आक्षेप घेतला. हत्या म्हटले की गर्भ व्यक्ती ठरतो आणि प्रत्येक गर्भपात खून ठरतो. म्हणून त्यांनी ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द पुढे केला. विरोध गर्भ पाडण्याला नसून मुलगी म्हणून गर्भ नाकारण्याला आहे, अशी ही भूमिका होती. १९९४ च्या कायद्याची रचनाही याला अनुरूप आहे. त्यात बंदी आहे ती लिंगनिदानावर, आणि परीक्षा करून घेणाऱ्या स्त्रीवर पती वा नातेवाइकांनी सक्ती केली असावी, असे विरुद्ध पुरावा नसल्यास गृहीत धरले जाते. दंडसंहितेने तिला गुन्हेगार मानले होते, तर या कायद्याने तिला सक्तीखालील व्यक्ती मानले. स्वतंत्र निर्णय करणारी व्यक्ती म्हणून मात्र दोहोंपैकी कोणीच तिच्याकडे पाहिले नाही.

व्यवहारात हा सूक्ष्म भेद टिकला नाही. प्रचारफलकांवर ‘भ्रूणहत्या हे पाप’ हीच भाषा राहिली. धर्मशास्त्रातील तो प्राचीन शब्द मुलींच्या रक्षणासाठी परत आला खरा, पण त्याच्याबरोबर सर्वच गर्भपातांविषयीचा संशयही परत आला. बीड-सांगलीसारख्या घटनांनंतर तपासणीचा बडगा वाढला की कायदेशीर गर्भपात करणारे डॉक्टर आणि गर्भपाताच्या गोळ्या ठेवणारे औषधविक्रेतेही हात आखडता घेतात, ही तक्रार आरोग्य कार्यकर्ते सातत्याने करीत आले आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी सुमारे ७३ टक्के आरोग्यकेंद्राबाहेर गोळ्या घेऊन झाले. डॉक्टरच्या मतावर उभारलेल्या कायद्याच्या बाहेरच बहुसंख्य स्त्रिया आपला मार्ग शोधीत आहेत, असा याचा अर्थ होतो.

७. न्यायालये आणि स्त्रीचा निर्णय

निर्णय कोणाचा, हा प्रश्न थेट विचारला गेला तो न्यायालयांत. २००८ मध्ये मुंबईतील एका दांपत्याने, त्यांचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह, मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे वीस आठवड्यांनंतर कळले होते. न्यायालयाने परवानगी नाकारली. कायद्याने आखलेली वीस आठवड्यांची रेषा आणि वैद्यकशास्त्राला आज दिसू शकणाऱ्या गोष्टी यांतील अंतर या प्रकरणाने सर्वांपुढे आले. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रजननविषयक निवड हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे म्हटले.

सप्टेंबर २०१६ मधील मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा विशेष महत्त्वाचा आहे. भायखळा कारागृहातील गरोदर स्त्री कैद्यांचा प्रश्न न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला होता. न्यायमूर्ती विजया ताहिलरामाणी आणि मृदुला भाटकर यांच्या खंडपीठाने, नको असलेल्या गर्भाचा मानसिक भार विवाहितेपुरता मर्यादित नसतो आणि गर्भ ठेवण्याचा निर्णय स्त्रीचाच आहे, अशी भूमिका घेतली. काशीबाईला शिक्षा ठोठावली गेली त्याच प्रांतात, तुरुंगातील स्त्रीच्या निमित्ताने, हे शब्द उच्चारले गेले.

२०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे केले, विशिष्ट गटांसाठी मर्यादा चोवीस आठवडे केली आणि गर्भात गंभीर दोष असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या मताने परवानगी दिली. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ हे शब्द आले. त्याच वर्षीच्या नियमांत, चोवीस आठवड्यांची सवलत ज्या स्त्रियांना आहे त्यांत गरोदरपणाच्या काळात वैवाहिक स्थिती बदललेली स्त्री, म्हणजे विधवा वा घटस्फोटिता, हिचा स्पष्ट उल्लेख आहे. फुले यांच्या गृहानंतर १५८ वर्षांनी ‘वैधव्य’ हा शब्द गर्भपाताच्या कायद्यात आला. अर्थात तो पतीपासून राहिलेल्या गर्भाच्या संदर्भात आहे. फुले यांच्याकडे येणाऱ्या विधवेला आधार मिळतो तो ‘कोणतीही स्त्री’ या शब्दांचा. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांची सवलत लागू केली आणि कुटुंबीयांच्या संमतीसारख्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत असे बजावले.

तथापि ही वाटचाल एकाच दिशेने झालेली नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस आठवड्यांहून अधिक काळ गरोदर असलेल्या विवाहितेला परवानगी नाकारली. तिच्या जिवाला तात्काळ धोका नव्हता आणि गर्भात दोष आढळला नव्हता, हे त्यामागील कारण. बाहेर जगू शकेल अशा अवस्थेतील गर्भाचा विचार कसा करावा, हा सुश्रुतापासूनचा प्रश्न येथे पुन्हा समोर आला. तो हलका लेखण्याजोगा नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील चौदा वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीला प्रथम दिलेली परवानगी पालकांनी मत बदलल्यावर त्याच महिन्यात मागे घेण्यात आली. गरोदर व्यक्तीची संमती सर्वोपरी असल्याचे न्यायालयाने त्या निवाड्यात सांगितले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, गर्भपातबंदीने महाराष्ट्रात गर्भपात थांबल्याचे इतिहास दाखवीत नाही. फुले यांच्या ३५ स्त्रिया आणि शहा समितीचा ३९ लाखांचा अंदाज यांतून बंदीने फक्त धोका वाढतो, हेच दिसते.

दोन, कायद्याने दिलेली मोकळीक आणि स्त्रीचा हक्क या भिन्न गोष्टी आहेत. १९७१ च्या कायद्याने मोकळीक दिली ती डॉक्टरला. स्त्रीचा हक्क ही कल्पना २००९ नंतर न्यायालयांतून आली आणि ती अद्याप निवाड्यांवर अवलंबून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये १८६० ची तरतूद जवळजवळ शब्दशः उतरली असून स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्री आजही त्या कलमाच्या कक्षेत आहे.

तीन, गर्भलिंगनिवडीचा विरोध आणि गर्भपाताच्या हक्काचे समर्थन यांत विसंगती नाही. मात्र पहिल्यासाठी वापरलेली ‘हत्या’ ही भाषा दुसऱ्याला बाधक ठरते. शिक्षकांनी, पत्रकारांनी आणि शासकीय प्रचारकांनी या बाबतीत शब्दांची निवड जाणीवपूर्वक करणे आवश्यक आहे.

चार, उशिरा अवस्थेतील गर्भाविषयीचा नैतिक प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर केवळ घोषणेने मिळणार नाही. परंतु निर्णयाला उशीर का होतो, हेही तपासले पाहिजे. लाज, भीती, पैशाचा अभाव, दूरचे रुग्णालय, डॉक्टरचा नकार यांमुळे आठवडे निघून जातात. हा उशीर कमी करणे समाजाच्या हाती आहे.

१८६३ मध्ये पुण्यातील एका घराने गरोदर विधवेला दार उघडताना तिच्याकडून कारण मागितले नव्हते. दीडशेहून अधिक वर्षांच्या कायदेशीर प्रवासानंतरही आपला कायदा स्त्रीकडून कारण मागतो आणि ते पुरेसे आहे काय, हे दुसऱ्या कोणाकडून ठरवून घेतो. या विषयावरील पुढील संशोधनाने आणि कायदेविषयक विचाराने या अंतराची दखल घ्यावी, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.